तारतम्याची शाळा

सहलीला आलेली मुले आणि शिकण्यासाठी बाहेर काढलेली मुले लांबून सारखीच दिसतात. दोघांच्याही पाठीला सॅक असते आणि बूट चिखलाने भरलेले असतात. फरक कळतो तो जवळ गेल्यावर. सहलीत वाट शिक्षकाला माहीत असते आणि मुले त्याच्या मागून चालतात. दुसऱ्या तुकडीत नकाशा आणि होकायंत्र मुलांच्या हातात असते, शिक्षक सर्वांच्या मागे असतो, आणि मुले मळलेली वाट सोडून ढोरवाटेला लागली तरी तो लगेच हाक मारत नाही. किती वेळ गप्प राहायचे आणि कुठल्या वळणावर थांबवायचे, हे त्याने आधीच ठरवलेले असते. संध्याकाळी जेवणे झाल्यावर ती चूक सगळ्यांसमोर उलगडली जाते: वाट चुकल्याचे आधी कोणाच्या लक्षात आले, तो बोलला का नाही, बोलला असेल तर त्याचे कोणी ऐकले का नाही.

या आखणीमागच्या विचाराचा अभ्यास करणारी ज्ञानशाखा ‘आउटडोअर एज्युकेशन’ या नावाने ओळखली जाते. मराठीत तिला रुळलेला शब्द नाही. ‘भिंतीबाहेरचे शिक्षण’ म्हटले तर अर्थ पोहोचतो. तिचे जुळे भावंड म्हणजे ‘आउटडोअर रिक्रिएशन’, अर्थात विरंगुळ्यासाठी निसर्गात जाणाऱ्या माणसांचा आणि ती जातात त्या जागांचा अभ्यास. ब्रिटन, नॉर्वे, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील विद्यापीठांत या विषयांच्या पदव्या मिळतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात तर बारावीला हा स्वतंत्र विषय म्हणून घेता येतो.

व्याख्येबद्दल अभ्यासकांत पुष्कळ चर्चा झाली आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एल. बी. शार्प यांनी १९४० च्या दशकात मांडलेली कसोटी सर्वांत साधी आहे: जे वर्गात उत्तम शिकता येते ते वर्गात शिकवावे आणि जे बाहेर प्रत्यक्ष पाहून, हाताळून उत्तम शिकता येते ते बाहेर. सायमन प्रीस्ट यांनी १९८६ मध्ये हाच विषय नात्यांच्या भाषेत मांडला. माणसाचे स्वतःशी असलेले नाते, माणसांचे एकमेकांशी असलेले नाते, सजीवसृष्टीतील घटकांचे आपसातले नाते आणि माणूस व त्याचा परिसर यांच्यातले नाते, अशी ती चार नाती. पहिली दोन साहसातून उमगतात, उरलेली दोन निसर्गाच्या निरीक्षणातून. ही मांडणी आजही उपयोगी आहे, कारण एखादे शिबिर नेमके कशाबद्दल आहे हे तिच्यामुळे पटकन ओळखता येते. नुसता दोर, कडा आणि आरडाओरडा असलेल्या शिबिरात निम्मा विषय गळून पडलेला असतो.

या शिक्षणाची आधुनिक परंपरा कुर्ट हान या जर्मन शिक्षकापर्यंत जाते. हान यांचा जन्म १८८६ मध्ये बर्लिनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. १९२० मध्ये प्रिन्स माक्स फॉन बाडेन यांच्या साहाय्याने त्यांनी सालेम येथे शाळा काढली. १९३२ मध्ये नाझींनी एका कामगाराचा त्याच्या आईदेखत खून केला आणि हिटलरने खुन्यांची पाठराखण केली. तेव्हा हान यांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून सालेम किंवा हिटलर यांपैकी एकाची निवड करायला सांगितले. पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली. सुटकेनंतर ते ब्रिटनला गेले आणि १९३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यांनी गॉर्डनस्टन ही शाळा सुरू केली.

दुसरे महायुद्ध पेटल्यावर व्यापारी जहाजे बुडू लागली. ‘ब्लू फनेल’ या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांचे म्हणणे असे होते की, जहाज बुडाल्यावर होडीत तग धरून राहतात ते शिडाच्या जहाजांवर घडलेले वयस्क खलाशी. तरणीताठी पोरे मात्र आधी हाय खातात. अंगात बळ असूनही ती मनाने खचतात. होल्ट आणि हान यांनी मिळून १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर अॅबरडोव्ही येथे सुमारे महिनाभराचा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्याला ‘आउटवर्ड बाउंड’ हे नाव दिले. बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजासाठी खलाशी हा शब्द वापरत. होडी वल्हवणे, डोंगर पालथे घालणे, बचावकार्य, सामाजिक सेवा असा तो क्रम होता. मुलांना दर्यावर्दी करणे हा त्यामागचा हेतू नव्हता. समुद्र हे साधन होते, आणि त्यातून माणूस घडावा अशी अपेक्षा होती. या विषयाची मूळ कल्पना इथे सापडते, आणि म्हणूनच खेळाचे प्रशिक्षण आणि भिंतीबाहेरचे शिक्षण यांची गल्लत करता येत नाही.

ही कल्पना अटलांटिक ओलांडून १९६२ मध्ये कोलोरॅडोत पोहोचली आणि तिथे एक वेगळीच अडचण उभी राहिली. मुले मिळत होती, डोंगर होते. मुलांना सुखरूप नेऊन आणतील आणि शिकवतीलही असे नेते मात्र नव्हते. ही उणीव पॉल पेट्झोल्ट यांना जाचत होती. ते १९२४ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी काउबॉय बूट घालून ग्रँड टीटन शिखरावर गेले होते आणि त्या चढाईत मरता मरता वाचले होते. पुढे १९३८ च्या अमेरिकन के-टू मोहिमेत त्यांचा सहभाग होता. १९६५ मध्ये त्यांनी वायोमिंगमधील लँडर येथे नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल स्थापन केली. तिचा भर चित्तथरारक प्रसंगांवर नव्हता. शिधा किती घ्यायचा, ओल्या कपड्यांचे काय करायचे, थकलेल्या सोबत्याशी कसे बोलायचे, कधी परत फिरायचे, या गोष्टी तिथे शिकवल्या जात. महिनाभर एका तंबूत राहणाऱ्या माणसांनी एकमेकांशी कसे वागावे यालाही पेट्झोल्ट यांनी कौशल्याचा दर्जा दिला. नियम पाठ करून घेण्यापेक्षा निर्णयाची जाण तयार करावी, हा त्यांचा आग्रह होता. मराठीत या जाणिवेला नेमका शब्द आहे: तारतम्य.

बाहेर गेल्याने माणूस शिकतो असे म्हणणे सोपे आहे. तो कसा शिकतो हे सांगणे अवघड. जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्ये अनुभव आणि शिक्षण यांच्या नात्याचे विवेचन करताना बजावले होते की, प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही. काही अनुभव पुढचे शिकणे बंदही करून टाकतात. पहिल्याच ट्रेकला घाबरवून, दमवून, सगळ्यांसमोर हसे करून आणलेले मूल पुन्हा डोंगराकडे फिरकत नाही, ते यामुळेच. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचे चक्र मांडले. आधी प्रत्यक्ष अनुभव, मग त्याकडे मागे वळून पाहणे, त्यातून काही सूत्र हाती लागणे आणि शेवटी ते सूत्र नव्या प्रसंगात वापरून बघणे. शिबिरातली संध्याकाळची बैठक ही या चक्राची दुसरी पायरी. आज काय झाले, त्याचा अर्थ काय आणि उद्या काय वेगळे करायचे, या तीन प्रश्नांवर ती चालते.

या बैठकीवरून एक सुंदर वाद झाला आहे. जुन्या वळणाच्या प्रशिक्षकांचे म्हणणे होते की डोंगर स्वतःच बोलतो, मध्ये माणसाने बडबड करू नये. थॉमस जेम्स यांनी १९८० मध्ये या प्रश्नावर लिहिलेला निबंध अजूनही अभ्यासक्रमांत वाचला जातो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पहाटे धुके विरून समोर दरी उघडी होते तेव्हा त्यावर भाष्य करणारा शिक्षक नकोसाच होतो. पण तुकडीतल्या एका मुलीचे ओझे दिवसभर कोणी वाटून घेतले नाही, ही गोष्ट डोंगर सांगत नाही. ती कोणा माणसालाच काढावी लागते. चांगला प्रशिक्षक ओळखला जातो तो कुठे बोलावे आणि कुठे गप्प बसावे या निवडीवरून.

परिणाम मोजण्याचे प्रयत्नही झाले आहेत. जॉन हॅटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये साहसी शिक्षणावरच्या ९६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. आत्मविश्वास, स्वतःवरचा ताबा, निर्णय घेण्याची तयारी यांत मध्यम स्वरूपाची वाढ आढळली. त्याहून लक्षवेधी निष्कर्ष पुढचा होता. बहुतेक शैक्षणिक उपक्रमांचा परिणाम उपक्रम संपताच ओसरू लागतो. इथे मात्र शिबिर संपल्यानंतरच्या काळात वाढीत आणखी भर पडलेली दिसली. तीन आठवड्यांपेक्षा लांब शिबिरे अधिक परिणामकारक ठरली. उपक्रमा-उपक्रमांत फरकही मोठा होता, म्हणजे नुसते बाहेर नेणे पुरेसे नव्हते. यातील बरीच मोजणी सहभागी व्यक्तींनी स्वतःबद्दल भरून दिलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेली होती, हेही ध्यानात ठेवावे लागते. शिबिरांत सर्रास सांगितली जाणारी एक समजूतही संशोधकांनी तपासली. माणसाला त्याच्या सुखाच्या वर्तुळातून बाहेर ढकलले की तो शिकतो, ही ती समजूत. न्यूझीलंडचे माइक ब्राउन यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की ही मुळात एक उपमा आहे, तिला शिकवण्याची पद्धत समजणे चूक आहे. भेदरलेला माणूस शिकत नाही, तो फक्त सुटकेची वाट पाहतो. आधाराची खात्री असेल तरच तो एक पाऊल पुढे टाकतो.

धोक्याचा विचार हा या ज्ञानशाखेचा सर्वांत समृद्ध भाग आहे. अभ्यासक भासणारा धोका आणि खरा धोका वेगवेगळे मोजतात. रॅपलिंग करताना कड्याच्या टोकावर पाठमोरे उभे राहून दोरावर भार टाकण्याचा क्षण काळजात धस्स करणारा असतो. दोर पक्का बांधलेला असेल, सुरक्षेसाठी दुसरा दोर असेल आणि तो धरून सांभाळणारा (‘बिले’ देणारा) सावध असेल, तर तिथला खरा धोका थोडा असतो. गुडघाभर पाण्याचा ओढा ओलांडायला मात्र कोणी घाबरत नाही, आणि सह्याद्रीत पावसाळ्यात माणसे वाहून जातात ती अशाच ओढ्यांत. भासणारा धोका शिकवण्याच्या कामी येतो. खरा धोका कमी करत न्यावा लागतो.

हे शहाणपण फार मोठी किंमत मोजून आलेले आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पठारावर एडिंबरामधील एका शाळेची मुले हिमवादळात सापडली. त्यांच्यातल्या कमी ताकदीच्या गटाला ठरलेला निवारा गाठता आला नाही. उघड्यावर रात्री काढाव्या लागून पाच मुले आणि एक शिकाऊ प्रशिक्षक मरण पावले. चौकशीनंतर नेतृत्वाची पात्रता, मुलांच्या वयाला झेपेल असा मार्ग, पालकांना पूर्ण माहिती, या सगळ्यांचा नव्याने विचार झाला. उंचावरचा तो निवारा पुढे पाडण्यात आला, कारण निवारा आहे या भरवशावर माणसे नको त्या हवेत वर जात होती. सुरक्षेसाठी बांधलेली वस्तूच धोका वाढवू शकते, हा धडा सह्याद्रीत रेलिंग आणि शिड्या लावतानाही आठवावा असा आहे.

२२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडमधील लाइम बे येथे आठ विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाक घेऊन किनाऱ्यालगतच्या छोट्या फेरीवर निघाले. वाऱ्याने त्यांना समुद्रात आत नेले, होड्यांत पाणी भरले आणि मदत पोहोचायला कित्येक तास लागले. चार विद्यार्थी दगावले. केंद्र चालवणारी कंपनी आणि तिचे व्यवस्थापकीय संचालक मनुष्यवधासाठी दोषी ठरले. तिथल्या कायद्याच्या इतिहासात कंपनी अशा गुन्ह्यात दोषी ठरण्याची ती पहिलीच वेळ होती. १९९५ मध्ये संसदेने कायदा करून लहान मुलांसाठी साहसी उपक्रम चालवणाऱ्या केंद्रांना परवाना सक्तीचा केला.

नियमांनी मात्र सगळे प्रश्न सुटत नाहीत. इयान मॅकॅमन यांनी अमेरिकेतील ७१५ हिमस्खलन अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळले की अनेक गटांना धोक्याची चिन्हे दिसत होती आणि प्रशिक्षणही झालेले होते. त्यांना दगा दिला तो मनाच्या सवयींनी. ओळखीची जागा आहे, एवढ्या लांब आलो आहोत, पुढचा गट गेला म्हणजे आपणही जाऊ, लीडरला माहीत असेलच, ही वाक्ये कुठल्याही डोंगरात ऐकू येतात. घसाऱ्याच्या वाटेवर वीस जणांचा जथा पाहून एकविसावा निर्धास्त होतो. त्यामुळे आजच्या अभ्यासक्रमांत दोराच्या गाठींइतकाच वेळ या सवयी ओळखण्यावर खर्च होतो. प्रथमोपचारही वेगळा शिकवला जातो. रुग्णालय तासा-दोन तासांत गाठता येणार नाही असे धरून, हाताशी असलेल्या काठ्या, सॅक आणि कपड्यांनिशी जखमी माणसाला रात्रभर सांभाळायचे, हा त्याचा पाया आहे.

विरंगुळ्याच्या अंगाने या विषयाची वाढ वेगळ्या गरजेतून झाली. युद्धानंतर अमेरिकेत मोटारी आणि सुट्या वाढल्या, अरण्ये माणसांनी भरू लागली. १९५८ मध्ये संसदेने या प्रश्नाच्या पाहणीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १९६२ मध्ये आला, आणि उद्याने व वने यांच्यासाठी निधी, संशोधन व स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. नॉर्वेने १९५७ च्या कायद्याने पडीक आणि डोंगराळ जमिनीवरून कोणालाही चालण्याचा पूर्वापार हक्क लेखी केला. निसर्गातल्या साध्या वावराला तिथे ‘फ्रिलुफ्त्सलिव्ह’ म्हणतात आणि विद्यापीठांत त्याचेही अभ्यासक्रम आहेत.

एका जागी किती माणसे चालतील, हा या शाखेचा मूळ प्रश्न. त्यासाठी शब्द घेतला गेला तो चराऊ कुरणांच्या शास्त्रातून: कुरणावर किती गुरे पोसता येतील, तसे अरण्यात किती माणसे सामावतील, म्हणजे धारणक्षमता. अॅलन वॅगर यांनी १९६४ मध्ये दाखवले की नुसत्या गवत-मातीकडे पाहून हा आकडा काढता येत नाही, कारण येणाऱ्याला तिथे काय अनुभवायचे आहे यावरही तो ठरतो. जत्रेत हजार माणसे कमी वाटतात, कोकणकड्यावर पन्नासही जास्त होतात. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधकांनी प्रश्नच बदलला. किती माणसे, असे विचारण्याऐवजी किती बदल आपल्याला चालेल, असे ते विचारू लागले. उघडी पडलेली जमीन, पाण्यातली घाण, मुक्कामाच्या जागांची संख्या अशी मोजता येणारी चिन्हे ठरवायची आणि मर्यादा ओलांडली की उपाय करायचा.

पायदळी तुडवण्यावरचे संशोधन तर डोळे उघडणारे आहे. कोऱ्या गवतावर सर्वांत जास्त नुकसान करतात ती पहिली काही माणसे. त्यानंतर येणारी शंभर माणसे त्यात तुलनेने थोडीच भर घालतात. यातून निघणारा नियम दुहेरी आहे. वर्दळीच्या ठिकाणी मळलेल्या वाटेवरूनच चालावे, चिखल असला तरी तो टाळायला कडेच्या गवतात उतरू नये, आणि तंबू जुन्याच जागी लावावा. जिथे कोणीच जात नाही तिथे मात्र विखरून चालावे, म्हणजे वाट तयार होत नाही. कासच्या पठाराला हे तंतोतंत लागू पडते. जांभ्या कातळावर मातीचा जेमतेम थर आणि त्यात काही आठवड्यांचा फुलांचा हंगाम; एका छायाचित्रासाठी आत टाकलेली दोन पावले तिथे महागात पडतात. म्हणूनच तिथे हंगामात दिवसाला किती जणांना सोडायचे यावर बंधन घालावे लागले. २०२५ मध्ये शिवकालीन बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत. राजगडाच्या अरुंद वाटांना किती माणसे झेपतील, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

भारतात या शिक्षणाची संस्थात्मक सुरुवात एव्हरेस्टमुळे झाली. २९ मे १९५३ रोजी तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी शिखरावर पोहोचले. दीड वर्षाच्या आत, ४ नोव्हेंबर १९५४ रोजी, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणाची सूत्रे तेनझिंग यांच्याकडे आली. १९६५ मध्ये उत्तरकाशीची नेहरू संस्था आली. या संस्थांची पायरी ठरलेली आहे: महिनाभराचा बेसिक कोर्स, त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली तर अॅडव्हान्स आणि मग शिकवण्याच्या पद्धतीचा कोर्स. या तिसऱ्या पायरीवर उमेदवार स्वतः किती चढतो याला फारसे महत्त्व उरत नाही, तो दुसऱ्याला कसा चढवतो हे पाहिले जाते.

महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने हौशी संस्थांनी पेलले. मुंबईची गिरिविहार ही १९५४ पासूनची. पुण्याच्या गिरिप्रेमीने २०१२ मध्ये एव्हरेस्टवर नागरी मोहीम यशस्वी केली आणि पुढे गिर्यारोहणाचे शिक्षण देणारी संस्थाही काढली. डोंगरात कोणी अडकले की नोकरी-धंदा बाजूला ठेवून दोर घेऊन धावणारी बचाव पथके याच परंपरेतून आली आहेत; त्यांचे ऋण महाराष्ट्राने अजून पुरेसे ओळखलेले नाही. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणून उपक्रम चालवणाऱ्यांना नोंदणी आणि सुरक्षेचे निकष लागू केले. शाळांच्या बाजूने पाहता, शांतिनिकेतनातले झाडाखालचे वर्ग आणि १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेली नयी तालीम हा आपला स्वतःचा वारसा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद केली आहे. ते दिवस कसे वापरायचे याचे प्रशिक्षण बी.एड.च्या विद्यार्थ्यांना मिळणे ही खरी गरज आहे.

अलीकडच्या अभ्यासकांनी हान यांच्या परंपरेवरही प्रश्न उभे केले आहेत. ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ब्रुक्स, ब्रायन वॉचो आणि न्यूझीलंडचे ब्राउन यांचा आक्षेप असा की, या शिक्षणाने डोंगर-नद्यांना व्यायामशाळा मानले; कुठलाही कडा चालेल, कुठलीही नदी चालेल. जागेला स्वतःचा इतिहास असतो, तिथे राहणारी माणसे असतात, त्यांचा विचार झाला नाही. सह्याद्रीत हा आक्षेप फार जवळचा वाटतो. रतनगड, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे महादेव कोळी आणि ठाकर, घाटमाथ्यावरचे धनगर यांना कुठल्या नाळेत दगड सुटतात आणि कुठले टाके उन्हाळ्यातही आटत नाही हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. शिबिरांत त्यांच्या वाट्याला बहुधा वाटाड्याचे किंवा जेवण रांधण्याचे काम येते. त्यांना शिक्षकाच्या जागी बसवणारा अभ्यासक्रम आखणे, हे इथल्या अभ्यासकांपुढचे काम आहे.

या विचारातून पुढे आलेली पद्धत म्हणजे दरवेळी नवी जागा न शोधता एकाच जागी वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा जाणे. आषाढात ओढ्याने अडवलेली तुकडी त्याच ठिकाणी आश्विनात गेली, तर पाण्याने आणून टाकलेला गाळ आणि काठाला अडकलेला पाचोळा पाहून पूर किती वर आला होता हे तिला मोजता येते. चैत्रात तिथे फक्त तापलेले गोटे असतात, आणि गावातल्या बायका हंडा घेऊन कुठे वळतात ते पाहिल्यावर पाणी कुठे गेले हे कळते.